तोल जाण्याचा त्रास जुना झालाय? या चुका टाळा

चक्कर आली की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पित्त झालं असंल, लिंबूपाणी घे आणि जरा पड." मग बीपी बघितलं जातं, मग मानेला पट्टा येतो. आतल्या कानाकडे लक्ष जायला कधी कधी महिने जातात. तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर मिळते: आतला कान, डोळे आणि तळपाय-सांधे. कान अधू झाला तरी उरलेल्या दोघांवर भागवायला मेंदू शिकतो. आपल्या रोजच्या बऱ्याच सवयी नेमकं हे शिकणंच अडवतात.

त्यात सगळ्यात महागात पडते ती गोळी चालूच ठेवण्याची सवय. जोराचा झटका आलाय, उलट्या होताहेत, तेव्हा पहिले दोन-तीन दिवस चक्कर दाबणारं औषध लागतंच. पण सिनारिझीन, प्रोक्लोरपेराझीन यांसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या, तर ज्या गडबडीतून मेंदू शिकणार तीच दबून जाते. वयस्कर माणसांत हात थरथरणं, हालचाली मंदावणं असा पार्किन्सनसारखा त्रासही होऊ शकतो. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पाकिटं आणू नका. मनानं बंदही करू नका. "ही गोळी अजून किती दिवस?" असं डॉक्टरांना सरळ विचारा.

तेवढंच नुकसान जपून जपून राहण्यानं होतं. मान हलवली की गरगरतं, म्हणून माणूस मान ताठ धरून चालतो, कोल्हापुरात महाद्वार रोडची गर्दी टाळतो, हळूहळू उंबराच ओलांडायचा थांबतो. व्यायाम साधा आहे, पण तो फिजिओथेरपिस्टकडूनच शिकून घ्या. अंगठा हातभर अंतरावर स्थिर धरायचा, नजर नखावर ठेवायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची. नख स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगानं. थोडं गरगरणार. पंधरा-वीस मिनिटांत निवळलं तर ठीक, तासभर रेंगाळलं तर उद्या कमी करा. चालण्याच्या सरावाला सकाळचा रंकाळा तलावाचा काठ चांगला. कुणाला तरी सोबत घेऊन आधी नुसतं सरळ चाला. ते जमलं की चालता चालता एकदा पाण्याकडे, एकदा रस्त्याकडे बघा. गर्दीची सवयही अशीच वाढवत न्यावी: आधी दुपारचा निवांत बाजार, मग संध्याकाळचा. एकदम नवरात्रातली दर्शनाची रांग नको.

व्हिडिओ बघून डोकं फिरवायचे प्रकारही घरी करू नका. कुशीवर वळलं किंवा वर बघितलं की चक्कर येते आणि मिनिटभरात थांबते, असं असेल तर कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून भलत्या नळीत गेलेले असू शकतात. त्यावर एप्ली नावाची चांगली पद्धत आहे. मात्र कान कुठला, नळी कुठली, हे आधी तपासावं लागतं. म्हणूनच चक्कर किती वेळ टिकली हे लिहून ठेवा. मेनियर नावाच्या आतल्या कानाच्या आजारात ती 20 मिनिटांपासून 12 तासांपर्यंत राहते, कान गच्च होतो, त्यात आवाज येतो, ऐकू कमी येतं. अशांना डॉक्टर बहुधा मीठ कमी करायला सांगतात. मग भाजी आळणी होते आणि ताटात लोणचं, पापड, खर्डा तसेच राहतात. ते मीठही मोजा.

अंधार आणि मिटलेले डोळे यांना मात्र सगळ्यांनीच जपायला हवं. डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटतात, फरशी ओली असते. म्हणून अंघोळ स्टुलावर बसूनच करा. रात्री न्हाणीपर्यंतच्या वाटेवर बारीक दिवा राहू द्या. आरतीच्या शेवटी स्वतःभोवती गिरकी घेऊ नका, हात जोडले तरी पोचतं. आणि पोहणं! पंचगंगेत वाढलेल्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण सांगायलाच हवं. दोन्ही कान अधू असतील, तर गढूळ पाण्याखाली दिसत नाही, पायाखाली जमीन नसते आणि वर कुठे, खाली कुठे तेच कळेनासं होतं. एकट्यानं उतरू नका.

पावसाळ्यात गुळगुळीत तळाची कोल्हापुरी किंवा सैल स्लीपर नको, मागून पट्टा असलेली चप्पल घ्या. झटके अचानक येत असतील तोवर दुचाकी बंद. केएमटीची बस आहे, रिक्षा आहे.

घरच्यांसाठी थोडं. "बरी तर दिसतीस की!" हे वाक्य फार लागतं. हा त्रास बाहेरून दिसत नाही. मागून येऊन दंड धरू नका. आपला हात पुढे करा, त्रास असलेल्या बाईला तो धरू द्या. चालताना बोलायला लावू नका, कारण तिचं निम्मं लक्ष पावलात असतं.

आणि त्रास जुना आहे म्हणून प्रत्येक चक्कर त्याच्याच खात्यावर टाकू नका. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा धड उभंच राहता येईना, तर तो पक्षाघात असू शकतो, 108 ला फोन करा. सुरुवात किती वाजता झाली ते सोबतच्या माणसानं लिहून घ्यावं: मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि डॉक्टर पहिल्यांदा तीच वेळ विचारतात.