दत्तक घेतल्यावरचं टॅक्स क्रेडिट: मर्यादेचा हिशोब असा लावा

पुण्याहून लेक घरी आली आणि न्यू जर्सीतल्या आमच्या डायनिंग टेबलवर पावत्यांचा ढीग साचला. अमेरिकेत दत्तकाच्या खर्चापोटी टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या आयकरातून थेट वजा होणारी रक्कम, मागता येतं. त्या खर्चात एजन्सीची फी, वकील, कोर्ट, विमानाची तिकिटं, हॉटेल, सगळं धरा. परदेशातलं दत्तक असेल तर ते कायदेशीररीत्या पूर्ण झालं त्या वर्षाच्या आधी क्रेडिट मागता येत नाही.

२०२५ साठी एका मुलामागे कमाल क्रेडिट १७,२८० डॉलर. सुधारित एकूण उत्पन्न २,५९,१९० पर्यंत असेल तर कात्री नाही, २,९९,१९० ला काहीच मिळत नाही. दोघं कमावते असोत की एकटी आई, मर्यादा एकच. (हे मला अजूनही खटकतं.)

आमचं उत्पन्न २,७५,१९० निघालं, कारण कोथरूडच्या फ्लॅटचं भाडंही त्यात धरावं लागतं. मर्यादेपेक्षा १६,००० जास्त. त्याला ४०,००० ने (दोन मर्यादांमधलं अंतर) भागलं की ०.४०, म्हणजे ४० टक्के कपात. हाती १०,३६८.

मग डिसेंबर संपायच्या आत नवऱ्याने पगारातून ८,००० जादा फोर-ओ-वन-के मध्ये (नोकरीतलं निवृत्तीचं बचत खातं, त्यात करापूर्वी पैसे जातात) वळवले, म्हणजे उत्पन्न तेवढं कमी धरलं गेलं. कपात २० टक्क्यांवर, क्रेडिट १३,८२४. हे जानेवारीत सुचून उपयोग नाही.

२०२५ पासून यातले ५,००० पर्यंत टॅक्स कमी असला तरी रोख परत मिळू शकतात, उरलेलं पाच वर्षं पुढे नेता येतं. यासाठी फॉर्म ८८३९ भरायचा.

दत्तक न घेता नातवाला सांभाळणाऱ्या आजीआजोबांना हे क्रेडिट नाही. त्यांनी चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मूल सांभाळणाऱ्यांसाठीचं वेगळं क्रेडिट) बघावं. तिथे एकट्याला २ लाख आणि जोडप्याला ४ लाखांनंतर कपात सुरू होते.