डोमेन घेऊन ठेवावेत का? नव्याने उतरणाऱ्यांसाठी रोखठोक हिशेब

डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, तिचा इंटरनेटवरचा पत्ता. वेबसाइट बनवण्याच्या धंद्यात असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. 'सर, चांगली चांगली नावं आत्ताच घेऊन ठेवली, तर पुढेमागे पैसे होतील ना?' विचारणाऱ्याने बहुतेक वेळा चॅट डॉट कॉमची बातमी वाचलेली असते. हबस्पॉट या सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक धर्मेश शाह यांनी २०२३ मध्ये ते नाव दीड कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतलं आणि पुढे ते चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयकडे गेलं. बातमी खरीच आहे. फक्त ते घेणाऱ्याच्या खिशात दीड कोटी डॉलर आधीच होते, तेवढं वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतं.

माझं उत्तर असं, की पैसे होतात, पण ते दुकानदारीतून होतात. आपल्याकडे एनए प्लॉट घ्यायचा, कुंपण घालायचं आणि पोरीच्या लग्नापर्यंत विसरून जायचं, अशी गुंतवणुकीची कल्पना. डोमेनचा सातबारा कधीच आपल्या नावावर होत नाही. जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदणी मिळते, दर वर्षामागे पैसे भरायचे, आणि न भरल्यास नाव गेलं.

आता आकडे बघू. डॉट कॉमचा मूळ घाऊक दर व्हेरिसाइन ही कंपनी घेते, तो सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. त्यावर रजिस्ट्रारचा, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीचा नफा आणि १८ टक्के जीएसटी धरला, की एका नावाचं रिन्युअल ११००-१२०० रुपयांच्या घरात जातं. '९९ रुपयांत डोमेन' ही जाहिरात पहिल्या वर्षापुरती असते, दुसऱ्या वर्षीचा आकडा बारीक अक्षरात शोधा. समजा तुमच्याकडे १०० नावं आहेत. म्हणजे वर्षाला १ लाख १० ते २० हजार खर्च. या धंद्यातले जुने लोक वर्षाला शंभरात एखाद-दोन नावं विकली जातील असं धरून चालतात, तेही नावं बरी असतील तर. एक नाव १५०० डॉलरला गेलं, विक्रीच्या साइटने २० टक्के कमिशन कापलं, डॉलर ८५ रुपयांना धरला, तर हातात येतात १ लाख २ हजार. म्हणजे एका विक्रीत वर्षाचा खर्चही निघत नाही. दुसरी झाली तर थोडा नफा, आणि त्यावर टॅक्स आहेच. पूर्वी रिकाम्या डोमेनवर जाहिराती लावून निदान रिन्युअल सुटायचं. तो झरा आता जवळपास आटला आहे.

म्हणून नवीन माणसाने १०० नावं घेऊच नयेत. पाच-दहा घ्यावीत आणि ती निवडायला महिना लावावा.

निवडायची कशी? डोक्यात आलेलं नाव लगेच रजिस्टर करणं हा सगळ्यात कमकुवत मार्ग. गेल्या २५-३० वर्षांत कोणालाच घ्यावंसं वाटलं नाही, तेच नाव तुम्हाला रिकामं सापडतंय, हे लक्षात घ्या. बरा माल येतो तो मुदत संपलेल्या नावांत. डॉट कॉमची मुदत संपली की जुन्या मालकाला काही दिवसांची सवलत असते. मग ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ (जादा पैसे भरून मालकाला नाव सोडवता येतं), त्यानंतर ५ दिवस पेंडिंग डिलीट (आता सोडवता येत नाही), आणि मग ते सर्वांसाठी खुलं होतं. अर्थात, जरा बरं नाव त्याआधीच गोडॅडी ऑक्शन्स किंवा नेमजेटसारख्या ठिकाणी लिलावात निघतं. बोली लावण्याआधी नेमबायो या साइटवर तशा नावांच्या जुन्या विक्रीचे आकडे बघा. मग गुगलवर तपासा, की हेच नाव दुसऱ्या एक्स्टेंशनवर (डॉट कॉम, डॉट इन असं शेवटचं शेपूट) किंवा मागेपुढे एखादा शब्द जोडून किती कंपन्या वापरताहेत. दहा-बारा चालत्या कंपन्या दिसल्या तर गिऱ्हाईक आहे. एकही नाही, तर नाव कितीही गोड वाटो, सोडून द्या.

शहर आणि व्यवसाय जोडून केलेल्या डॉट इन नावांचा मोह आपल्याकडे फार. ते नाव घेणारा नाशिकचा केटरर किंवा कोल्हापूरचा चप्पलवाला असणार, असं गृहीत असतं. त्याला फोन केलात तर उत्तर ठरलेलं असतं: 'अहो, माझी सगळी गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर येतात, गुगल मॅपवर दुकान दिसतं, नावाला १५ हजार कशाला घालू?' आणि त्याचं चूक नाही. खरेदीदार असतो तो फंडिंग मिळालेला स्टार्टअप, आणि त्याला बहुधा डॉट कॉमच हवं असतं.

देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मराठीतही मिळतं. स्वतःच्या वापराला जरूर घ्या, मला ते आवडतं. पण विकायला म्हणून घेऊ नका, त्याला अजून बाजारच नाही.

डॉट एआयची सध्या चलती आहे. ते अँग्विला या कॅरिबियन बेटाचं एक्स्टेंशन. एआयच्या लाटेत २०२३ मध्ये त्या सरकारच्या उत्पन्नाचा जवळपास पाचवा हिस्सा डोमेनमधून आला. कमाई बेटाची झाली. आपल्याला मात्र किमान दोन वर्षांचे पैसे एकदम भरावे लागतात आणि दर डॉट कॉमच्या कितीतरी पट.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही: कंपन्यांची किंवा होऊ घातलेल्या विलीनीकरणांची नावं अडवून बसणं. जिओहॉटस्टार डॉट कॉमची गंमत २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिली. दिल्लीच्या एका डेव्हलपरने ते नाव जिओ आणि हॉटस्टार एकत्र येण्याआधीच घेतलं होतं आणि त्या बदल्यात रिलायन्सकडे केंब्रिजमधल्या शिक्षणाचा खर्च मागितला. शेवटी ते नाव दुबईच्या दोन भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते फुकट देऊ केलं. डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात २००४ मध्येच सांगितलं आहे. डॉट इनसाठी आयएनडीआरपी आणि डॉट कॉमसाठी यूडीआरपी अशी तक्रारीची सोय आहे. तिथे हरलात की नाव जातं आणि भरपाई शून्य.

विक्री जमली तर पैसे एस्क्रोतूनच घ्या, म्हणजे नाव हस्तांतरित होईपर्यंत पैसे मधल्या तिसऱ्या संस्थेकडे राहतात. आणि पहिली ऑफर येईल तेव्हा ती नीट वाचा. 'तुमचं नाव ८००० डॉलरला घेतो, फक्त अमुक साइटवरून मूल्यांकनाचं सर्टिफिकेट आणा' असा मेल प्रत्येक नवख्याला येतो. ती साइट त्याचीच असते, सर्टिफिकेटची फी भरली की खरेदीदार गायब. खरा खरेदीदार सर्टिफिकेट मागत नाही, तो भाव पाडून मागतो.