नववीच्या पोरांना गतीचे नियम शिकवायचेत? आधी कॅरम बोर्ड काढा

मी पुण्यात घरीच नववी-दहावीच्या शिकवण्या घेते, आणि एकच सांगते, व्याख्येने सुरुवात करू नका. तिन्ही नियम पोरं घडाघडा म्हणतात, पण पायडल मारणं थांबवल्यावर सायकल का थांबते विचारलं की उत्तर येतं, "बल संपलं." बल म्हणजे पेट्रोलसारखं वस्तूत भरलेलं काहीतरी, हा समज आधी घालवायचा.

पहिलं काम, कॅरम बोर्ड पुसून घ्या, पावडर टाकू नका. स्ट्रायकर कुठपर्यंत जाईल ते प्रत्येकाने वहीत लिहायचं, मगच टिचकी मारायची. तो खरखरत मध्येच थांबतो. आता पावडर पसरा आणि साधारण तेवढ्याच जोरात मारा, समोरच्या कडेला आपटून परत येतो. मग विचारा, पावडर याहून भारी असती आणि बोर्ड कधी संपलाच नसता तर? इथे घाई करू नका, थांबा. कोणीतरी हळूच म्हणतं "थांबलाच नसता", आणि तो पहिला नियम झाला! गॅलिलिओ उतारावरून गोळे सोडून याच विचारापर्यंत आला होता, न्यूटनने 1687 साली प्रिन्सिपिया या ग्रंथात तो नियम म्हणून मांडला. थांबवतं ते घर्षण, बल संपणं वगैरे काही नसतं.

मग सात-आठ सोंगट्यांची चळत रचून सगळ्यात खालच्या सोंगटीला स्ट्रायकर जोरात मारा, ती सटकन निघून जाते आणि वरच्या जागच्या जागी खाली बसतात. हे जडत्व. लगेच बसचं विचारा, स्वारगेटहून कात्रजला उभ्याने जाताना ब्रेक लागला की आपल्याला पुढे कोण ढकलतं? बहुतेक मुलं पुढे जाणारा बाण काढतात, तो खोडायला लावा. पाय बसबरोबर थांबतात, वरचं अंग आधीच्याच वेगाने जात असतं, बस्स.

दुसऱ्या नियमाला चाकाची खुर्ची पुरते. एकाला बसवून ढकला, मग मांडीवर दोन भरलेली दप्तरं देऊन तेवढ्याच जोरात ढकला, वजन वाढलं की तेवढ्याच बलाने वेग कमी वाढतो हा फरक दिसतो. आणि न्यूटन, म्हणजे बल मोजायचं एकक, हातात द्या, 100 ग्रॅम जिऱ्याची पुडी तळहातावर साधारण 1 न्यूटनने दाबते.

तिसऱ्यात खरी गोची होते. दोन खुर्च्यांवर दोघं समोरासमोर बसवा, एकानेच ढकलायचं, तरी मागे दोघंही जातात, हलकं पोर जास्त. मुलं हमखास विचारतात, बलं समान आणि उलट असतील तर रद्द का होत नाहीत? कारण ती वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात. लगेच टेबलावरचं पुस्तक दाखवून विचारा, त्याच्या वजनाची जोडी कोणती? टेबलाचा आधार असं सगळे म्हणतील, पण ते चूक आहे, ती दोन्ही बलं पुस्तकावरच लागतात. पृथ्वी पुस्तकाला ओढते, तर पुस्तकही पृथ्वीला तेवढ्याच बलाने वर ओढतं, ती खरी जोडी. हे दोन बाण प्रत्येकाला वहीत काढता आले की मगच गणितं घ्या.