एका पानावरून लिहायला शिकवताना

परळच्या एका शाळेत आठवीला मराठी शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच महिन्यात ‘माझी आई’ हा निबंध दिला. ४२ वह्या आल्या. ४२ आया प्रेमळ, कष्टाळू, वात्सल्यमूर्ती. एकीचाही चेहरा दिसेना. चूक मुलांची नव्हती. ३५ मिनिटांचा तास मी धड्याचा आशय समजावण्यात घालवायचे; वाक्य कसं उभं राहिलंय, हे कधी दाखवलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातलं एक पान नेलं. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, लिहावाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. पुस्तकाचा पहिला भाग आला १९३४ साली. मुलांना हे सांगा, त्यांना धीर येतो. वडिलांचं सोवळं सांगताना त्या विशेषणावर भागवत नाहीत. बाजारातून आलेली वस्तू घरात कशी धुतली जायची, ते सांगतात.

पान आधी मोठ्याने वाचून घेतलं. मग वहीत उतरवून क्रियापदांखाली रेघा मारायला लावल्या. आणि सांगितलं, “आता आईला एकही विशेषण लावायचं नाही. सकाळी उठल्यावर ती काय करते, तेवढंच लिहा.”

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या एका मुलीने लिहिलं: ‘नळ आला की आई आधी कळशी लावते, मग हंडा. पिंप शेवटी, कारण ते भरेपर्यंत धार बारीक होते.’ मी ते वर्गात दोनदा वाचलं. त्या बाईंची सगळी घाई, सगळा हिशेब त्या धारेत होता.

तुम्ही नव्याने वर्गावर जात असाल, तर उतारा छोटा घ्या, दहाबारा ओळींचा. उतारा घेतला त्याच दिवशी लिहूनही घ्या. घरी दिलं की गाईडातलं येतं. लाल पेन जरा आवरा. पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोनच चुका दाखवायच्या, असं मी ठरवून टाकलंय. वही लालेलाल झाली की मूल पुढच्या वेळी चारच ओळी लिहितं.

घरची बोलीही येऊ द्या. एका मुलाने आजीचं ‘खंय होतंस रे?’ खोडून तिथे ‘कुठे होतास?’ केलं होतं. मी मूळचं वाक्य परत लिहायला लावलं. त्याने विचारलं, “बाई, पेपरात चालेल?” अवतरणचिन्हं कुठे द्यायची, ते मी त्याला तिथेच दाखवलं.