फोन फ्रिजवर, टायमर टेबलावर
दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत दुकानाचा जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचा महिन्याचा रिटर्न, भरायचा, आणि १९च्या रात्री माझी धावपळ ठरलेली. दिवसभर बसूनही काम हलत नसे. बिलं लावता लावता फोन वाजायचा. पुन्हा बसलो की कुठवर आलो होतो तेच आठवेना.

मग फ्रान्सेस्को सिरिलो यांची पोमोडोरो पद्धत धरली: २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं उठायचं. मी साधा चावीचा टायमर आणला, कारण मोबाइलवर वेळ लावली की व्हॉट्सअ‍ॅप उघडलं जातंच. फोन आत, फ्रिजवर. मधेच काही आठवलं तर वहीच्या समासात टिपायचं, जागचं हलायचं नाही. खरा फरक या समासानेच पडला.

पहिले चार दिवस हात सारखा खिशाकडे जायचा. गेल्या महिन्यात १६ तारखेलाच चलन भरून झालं.