तापीवरचा पूल रोमँटिक शैलीत, जलरंगात

रोमँटिक शैली म्हणजे निसर्गाचा आवेग आणि भावना पुढे ठेवणारी. त्या शैलीतला इंग्लिश चित्रकार टर्नर याच्या १८४४ सालच्या ‘रेन, स्टीम अँड स्पीड’ या चित्रामध्ये टेम्सवरचा रेल्वेपूल आहे, पण चित्र भरलंय ते पाऊस, वाफ आणि उजेडाने. आपलंही गणित तेच ठेवायचं: आभाळाला दोन तृतीयांश कागद, पुलाची उंची फार तर आठवा हिस्सा.

तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. पुलाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येतं त्या बाजूला, पुलाकडे तोंड करून बसलात की सूर्य पुलामागे मावळतो आणि सातपुडा उजव्या हाताला राहतो. पूल कागदाच्या मधोमध घेऊ नका, थोडा तिरपा घ्या.

कागद ११ × १५ इंच, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाडीचा, कॉटनचा. खांबांमधलं अंतर अंदाजाने काढलं की पूल वाकडा दिसतो. पहिले दोन खांब काढा. पहिल्याच्या मध्यातून लोपबिंदूकडे (दूर जाणाऱ्या रेषा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू) रेघ न्या, ती दुसऱ्या खांबाचाही मध्य दाखवते. आता पहिल्याच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या मध्यातून रेघ खाली ओढा. खांबांच्या पायांना जोडणाऱ्या रेषेला ती जिथे मिळेल, तिथे तिसरा खांब. पुढचेही असेच.

आधी सगळ्या कागदावर रॉ सिएनाचा (मातकट पिवळा) पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर. पूर्ण वाळल्यावर आभाळाचा भाग स्वच्छ पाण्याने भिजवा आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि लाइट रेड (विटकरी) मिसळून केलेला करडा ढगांत सोडा. सूर्याजवळची जागा मोकळी ठेवा. वॉश अर्धवट सुकलेला असताना ओला ब्रश लावला की फ्लॉवरसारखे डाग उमटतात. तेव्हा हात आवरायचा. उन्हाळ्यात इकडे पारा ४२ पार जातो, वॉश पसरवेपर्यंत कडा सुकते. म्हणून कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर चिकटवा. अर्ध्या पेलाभर पाण्यात ग्लिसरीनचे चार थेंब चालतात; जास्त झालं तर रंग चिकट राहतो.

सातपुडा एकाच फिक्या निळ्या थरात. पूल बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीनने. ट्यूबमधला काळा नको, आपला काळा दगडही उन्हाविरुद्ध पाहिला तर तपकिरी-जांभळा दिसतो. कमानींचा पूल असेल तर कमानीच्या पोटाकडे नीट बघा: पाण्यावरून उसळलेला उजेड तिथे पडतो. तो भाग किंचित पिवळसर ठेवला नाही तर पूल पत्र्यातून कापल्यासारखा वाटतो.

प्रतिबिंब सरळ खाली पाडा, पुलापेक्षा अर्धी शेड फिकं. पाण्यावरची चमक शेवटी ब्लेडच्या टोकाने आडवी खरवडा. कागद जरा जरी ओला असला तर तंतू उपटतात आणि चमकेऐवजी मळकट ओरखडा राहतो.