बैठकीला माणसं हवीत? आधी कागद काढा

माजी सैनिक संघटनेच्या बैठकीला तेच ते चेहरे येतात, ही कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडची नेहमीची तक्रार. भाषणं आवरा, महिन्यातला एक रविवार कागदपत्रांना द्या. हयातीचा दाखला, सैनिकी पेन्शनचं स्पर्श पोर्टल, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं ईसीएचएस कार्ड आहेच. पण आधी पीपीओवरचं, म्हणजे पेन्शनच्या आदेशपत्रावरचं, पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून बघा. एकीकडे माहेरचं नाव राहिलेलं असतं, दुसरीकडे कन्नडमधून आलेलं स्पेलिंग निराळंच. ही दुरुस्ती पेन्शनर हयात असताना सोपी, नंतर त्या बाईलाच खेटे घालावे लागतात. म्हणून वहिनींनाही बोलवा. टेबलावर नुकताच निवृत्त झालेला, मोबाइल सराईतपणे चालवणारा हवालदार बसवा. सुभेदार साहेबांनी अध्यक्षपद सांभाळावं! कुणाचाही पासवर्ड संघटनेच्या वहीत मात्र लिहून ठेवू नका.